राखीव प्रत आणि पुनःस्थापना : रूट केलेल्या अँड्रॉइड फोनमधील संशोधन-सामग्रीचे जतन

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला एक विनवणी करीत असे. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून या पोथीचे रक्षण करावे आणि ती मूर्खाच्या हाती देऊ नये, असा तिचा आशय असे. पोथ्यांचे आयुष्य किती बेभरवशाचे असते, याची त्या लेखनिकांना पुरेपूर जाणीव होती. म्हणूनच एका पोथीच्या अनेक प्रती होत आणि त्या निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या घराण्यांत राहत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे अशा अनेक प्रती होत्या. प्रती होत्या म्हणून पाठ ताडून पाहता आला.

आज बोलींच्या अभ्यासकाची सामग्री पोथीत नसून बहुधा त्याच्या खिशातील फोनमध्ये असते. निवेदकांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, शब्दसूचींचे फोटो, टिपणवहीचे काम करणाऱ्या ॲपमधील नोंदी, लिप्यंतराचे अर्धवट मसुदे हे सर्व एकाच उपकरणात साठलेले असते. हा फोन हरवला, पाण्यात पडला किंवा त्याची चुकीने सफाई झाली, तर काय उरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यातही रूट केलेल्या फोनचा आणि त्याला जोडावयाच्या बाह्य साठ्याचा विचार येथे प्रामुख्याने करावयाचा आहे. कारण अशा फोनवर सर्व काही करता येते, असा एक समज रूढ आहे, आणि या समजामुळेच अनेकदा सामग्री गमावली जाते.

१. प्रश्नाचे स्वरूप

कोल्हापूर जिल्ह्यात बोलींचा अभ्यास करणाऱ्यास सामग्रीची वाण नाही. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या तालुक्यांत मराठी, कोंकणी आणि कन्नड यांचा संपर्क जुना आहे. या शहराचा बोलीविज्ञानाशी असलेला संबंधही नवा नव्हे. राजाराम महाविद्यालयात ज्यांनी अर्धमागधीचे अध्यापन केले, त्या डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागले. ते छापील असल्यामुळे एकाच वेळी अनेक ग्रंथालयांत आहेत. एका ग्रंथालयातील खंड नष्ट झाला तरी ग्रंथ नष्ट होत नाही. फोनमधील ध्वनिमुद्रणाला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. शिवाय निवेदक वृद्ध असेल, तर तेच ध्वनिमुद्रण पुन्हा करता येईल याची शाश्वती नसते.

पाण्याचे भय तर येथे अक्षरशः खरे आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत नदीने तेथे ५५ फुटांची मर्यादा ओलांडली होती. ज्या घरात फोन आहे त्याच घरात त्याची राखीव प्रत असेल, तर अशा वेळी त्या दोन्ही वस्तूंचे भवितव्य एकच असते.

२. फोनच्या आत काय असते

अँड्रॉइड ही लिनक्सच्या गाभ्यावर उभी असलेली प्रणाली २००८ पासून फोनमध्ये प्रत्यक्ष वापरात आली. तिच्यात साठवलेल्या गोष्टींचे, या विवेचनापुरते, चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग प्रणालीचा. फोन सुरू करणारी, पडद्यावर चित्र आणणारी आणि ॲप चालविणारी यंत्रणा यात येते. ती बहुधा निर्मात्याकडून पुन्हा मिळविता येते.

दुसरा वर्ग ॲपच्या खाजगी सामग्रीचा. प्रत्येक ॲपला प्रणाली एक स्वतंत्र वापरकर्ता समजते, त्याला एक क्रमांक देते आणि त्या क्रमांकाच्या मालकीचे एक बंद दालन देते. टिपणवहीतील नोंदी किंवा कोशरचनेच्या ॲपमधील शब्दनोंदी बहुधा याच दालनात असतात. एका ॲपला दुसऱ्याच्या दालनात डोकावता येत नाही, आणि फोनच्या मालकालाही साध्या मार्गाने तेथे जाता येत नाही.

तिसरा वर्ग सामायिक साठ्याचा. फोटो, उतरवून घेतलेल्या फाइली आणि बहुतेक ध्वनिमुद्रणे येथे असतात. फोन संगणकाला जोडला असता जे फोल्डर दिसतात, ते याच वर्गातील होत.

चौथा वर्ग किल्ल्यांचा आणि ओळखीचा. सामग्री कूटबद्ध करणाऱ्या किल्ल्या, तसेच त्या विशिष्ट उपकरणाची ओळख आणि जुळवणी सांगणारी माहिती यात मोडते. या किल्ल्यांचे मूळ फोनच्या चिपमध्ये बंदिस्त असते. तेथून ते बाहेर काढता येत नाही आणि येऊही नये, अशीच त्याची रचना आहे.

लिनक्समध्ये ज्या वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असतो, त्याला रूट म्हणतात. त्याला सर्व दालने खुली असतात. फोन रूट करणे म्हणजे मालकाला हा अधिकार मिळवून देणे. त्यासाठी प्रथम बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते आणि नंतर, आज प्रचलित असलेल्या मॅजिस्कसारख्या साधनाने, फोन सुरू करणाऱ्या बूट प्रतिमेत फेरफार करावा लागतो. येथे पहिली सूचना अगत्याची आहे. बूटलोडरचे कुलूप उघडताच फोनमधील वापरकर्त्याची सर्व सामग्री पुसली जाते. ते पुन्हा लावतानाही तसेच घडते. तेव्हा पहिली राखीव प्रत रूट करण्यापूर्वीच घेतलेली असली पाहिजे. जो अभ्यासक आधी रूट करून मग बॅकअप घेण्याचा विचार करतो, त्याच्यापाशी बॅकअप घेण्यासारखे काहीच शिल्लक राहत नाही.

या चार वर्गांकडे पाहिले असता रूटचा उपयोग नेमका कोठे आहे हे स्पष्ट होते. तिसऱ्या वर्गासाठी रूटची मुळीच आवश्यकता नाही. ध्वनिमुद्रणे कोणालाही बाह्य साठ्यावर उतरविता येतात. दुसऱ्या वर्गासाठी रूटचा मोठा उपयोग होतो. चौथ्या वर्गातील किल्ल्यांपुढे रूटही हतबल असतो.

३. प्रत घेण्याच्या पद्धती आणि त्यांच्या उणिवा

रूट न केलेल्या फोनमध्ये अँड्रॉइडची स्वतःची एक सोय आहे. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ॲपची सामग्री आपोआप मालकाच्या गूगल खात्यावर ठेवली जाते. परंतु तिला प्रत्येक ॲपमागे २५ मेगाबाइटांची मर्यादा आहे, आणि ॲपच्या कर्त्याने ठरविले तर ही सोय बंदही करता येते. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकमार्गी असे न आकसलेले ध्वनिमुद्रण दर सेकंदाला ९६,००० बाइट घेते. म्हणजे एका तासाला सुमारे ३४६ मेगाबाइट. पंचवीस मेगाबाइटांत जेमतेम साडेचार मिनिटांचे बोलणे मावते. संगणकावरून आज्ञा देऊन ॲपची सामग्री काढून घेण्याची जुनी सोयही आता निरुपयोगी होत चालली आहे. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढील प्रणालींसाठी रचलेल्या ॲपची सामग्री तिच्यातून सर्वसाधारणतः वगळली जाते.

रूट केलेल्या फोनमध्ये दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत मूळ रिकव्हरीच्या जागी टीडब्ल्यूआरपीसारखी स्वतंत्र रिकव्हरी बसवून, मुख्य प्रणाली बंद असताना, संपूर्ण विभागांची प्रत घेतली जाते. बूट, डेटा इत्यादी विभाग निवडावयाचे, साठवण्याची जागा म्हणून एसडी कार्ड किंवा ओटीजी जोडणीवरील पेनड्राइव्ह दाखवावयाचा आणि प्रत घ्यावयाची, असा तिचा क्रम असतो. या पद्धतीत ‘डेटा’ या नावामुळे एक घातक गैरसमज होतो. डेटा विभागाची प्रत घेताना ही रिकव्हरी त्यातील सामायिक साठा, म्हणजे आपण वर सांगितलेला तिसरा वर्ग, जाणूनबुजून वगळते. ॲपची दालने येतात. ध्वनिमुद्रणे येत नाहीत. ‘डेटाचा बॅकअप पूर्ण झाला’ अशी सूचना पडद्यावर वाचून जो निर्धास्तपणे फोनची सफाई करतो, त्याची चाळीस तासांची ध्वनिमुद्रणे त्या क्षणी नाहीशी होतात. या सूचनेत असत्य काही नसते. त्या शब्दाचा अर्थ मात्र वाचणाऱ्याने आपल्या मनाने विस्तारलेला असतो.

दुसरी पद्धत ॲपवार प्रतींची. निओ बॅकअप किंवा स्विफ्ट बॅकअप यांसारखी साधने रूटच्या अधिकाराने प्रत्येक ॲपचे दालन उघडून त्याची स्वतंत्र प्रत बांधतात. एकच ॲप परत आणावयाचे असेल, तर ही पद्धत सोयीची असते. शिवाय प्रणालीची आवृत्ती बदलली तरी ती बहुधा उपयोगी पडते. यात एक दक्षता घ्यावी लागते. बहुसंख्य ॲप आपल्या नोंदी एसक्यूलाइट या पद्धतीच्या सारणीकोशात ठेवतात. ॲप चालू असताना अगदी अलीकडच्या नोंदी मुख्य फाइलीत नसून शेजारच्या रोजनामा-फाइलीत असू शकतात. अशा वेळी केवळ मुख्य फाइलीची नक्कल केली, तर दिवसभराचे लिप्यंतर तीत सापडणार नाही. म्हणून प्रत घेण्यापूर्वी ते ॲप सक्तीने थांबवावे आणि एखादी फाइल न निवडता संपूर्ण दालन उचलावे.

आणखी एक जागा सहसा दुर्लक्षित राहते. काही ध्वनिमुद्रक ॲप आपल्या फाइली सामायिक साठ्यातील ‘अँड्रॉइड’ फोल्डरात स्वतःच्या नावाच्या कोपऱ्यात ठेवतात. अँड्रॉइड ११ पासून इतर ॲपना तेथे सहज जाता येत नाही, आणि ते ध्वनिमुद्रक ॲप काढून टाकले की त्याचा हा कोपराही पुसला जातो. नवे ॲप निवडताना त्याची ध्वनिमुद्रणे नेमकी कोठे जातात, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

४. बाह्य साठ्याचा विचार

बाह्य साठा म्हणजे फोनमध्ये बसविलेले मायक्रो-एसडी कार्ड, किंवा ओटीजी जोडणीने लावलेला पेनड्राइव्ह वा एसएसडी. पहिला मुद्दा असा की, फोनच्या आत बसलेले कार्ड हे मूळ सामग्रीची जागा होऊ शकते, दुसऱ्या प्रतीची जागा होऊ शकत नाही. फोन चोरीस गेला तर कार्डही जाते.

दुसरा मुद्दा कार्डाच्या वापराचा. अँड्रॉइड ६ पासून काही फोन कार्डाला अंतर्गत साठ्याचाच भाग करून घेण्याची मुभा देतात. तसे केल्यास कार्ड कूटबद्ध होते आणि त्याची किल्ली त्याच फोनमध्ये राहते. फोन बिघडल्यावर ते कार्ड दुसऱ्या फोनमध्ये वा संगणकात घातले, तर त्यावर वाचण्याजोगे काहीही आढळत नाही. राखीव प्रतीसाठी कार्ड नेहमी वेगळा, सुटा साठा म्हणूनच वापरले पाहिजे.

तिसरा मुद्दा फाइल-व्यवस्थेचा. ३२ गिगाबाइटांपर्यंतची कार्डे सामान्यतः फॅट३२ या पद्धतीने आखलेली असतात. तीत एक फाइल ४ गिगाबाइटांहून मोठी ठेवता येत नाही. टीडब्ल्यूआरपी आपली प्रत तुकड्यांत विभागते; परंतु ज्या ॲपच्या दालनात चाळीस तासांची, म्हणजे सुमारे १३.८ गिगाबाइटांची ध्वनिमुद्रणे आहेत, त्याची एकसंध प्रत या कार्डावर मावत नाही. याहून मोठ्या कार्डांवरील एक्सफॅट पद्धतीत ही अडचण नाही. मात्र आपल्या रिकव्हरीला ती पद्धत वाचता येते की नाही, हे आधी तपासावे लागते. फॅट३२ आणि एक्सफॅट या दोन्ही पद्धतींत लिनक्सला आवश्यक असलेली मालकीची आणि परवानग्यांची नोंद ठेवण्याची सोय नाही. ॲपचे दालन सुट्या फाइलींच्या रूपाने तेथे उतरविल्यास त्या नोंदी गळून पडतात आणि परत आणलेले ॲप सुरूच होत नाही. म्हणून दालनाची आधी टार पद्धतीने एक गाठोडी बांधावी लागते. या गाठोडीत त्या नोंदी सुरक्षित राहतात. पोथीच्या सैल बांधणीचा धोका येथे असा पुन्हा समोर उभा राहतो.

चौथा मुद्दा मराठी अभ्यासकाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. फोनच्या अंतर्गत साठ्यात फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘कोल्हापूर’ हा शब्द चार अक्षरांचा. त्यात काना, मात्रा, हलन्त धरून नऊ चिन्हे, आणि म्हणून सत्तावीस बाइट. अशा रीतीने ८५ चिन्हांपलीकडचे देवनागरी नाव फोनमध्ये बसत नाही. एक्सफॅट पद्धतीत ही मर्यादा बाइटांऐवजी चिन्हांवर, २५५ पर्यंत मोजली जाते. परिणामी संगणकावर बसून कार्डावरील फाइलीला दिलेले ‘निवेदकाचे गाव, विषय, दिनांक’ असे ऐसपैस नाव फोनमध्ये परत आणताना नाकारले जाऊ शकते.

तीच गोष्ट ‘ऱ’ची. ‘कऱ्हाड’ या नावातील हा वर्ण युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा तिसराही प्रकार आहे. पहिल्या दोहोंची समानता युनिकोडने मान्य केली आहे. तिसऱ्याला ती लागू नाही. लिनक्स फाइलींची नावे बाइटशः ताडून पाहते. त्यामुळे डोळ्यांना एकच वाटणारी ‘कऱ्हाड’ नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी नांदू शकतात आणि एकाच्या शोधात दुसरे सापडत नाही. म्हणून फाइलीच्या नावात केवळ दिनांक आणि अनुक्रमांक, तेही अंकांत, द्यावे आणि गाव, निवेदक, विषय यांची यादी स्वतंत्र फाइलीत ठेवून तिचीही प्रत घ्यावी, हे इष्ट. दिनांक नावातच घालण्याला आणखी एक कारण आहे. नक्कल होताना फाइलीवरील तारीख अनेकदा बदलते आणि मुलाखत कधी झाली याचा तेवढा एक पुरावाही हरवतो.

पाचवा मुद्दा कार्डाच्या विश्वसनीयतेचा. प्रत्यक्षातील क्षमतेहून अधिक क्षमता दाखविणारी बनावट कार्डे बाजारात असतात. त्यांवर लिहिताना तक्रार होत नाही, वाचताना होते. नवे कार्ड एकदा पूर्ण भरून आणि परत वाचून पाहावे. शिवाय फ्लॅश स्मृतीतील विद्युत्भार कालांतराने झिरपतो. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी कार्ड योग्य नव्हे. ते सामग्रीच्या वाहतुकीचे साधन समजावे.

५. किल्ल्यांचा प्रश्न

अँड्रॉइड ७ मध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कूटबद्ध करण्याची पद्धत आली, आणि अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या नव्या फोनना ती अनिवार्य झाली. या कूटबद्धतेच्या किल्ल्या फोनच्या चिपशी आणि मालकाच्या पिन अथवा पॅटर्नशी बांधलेल्या असतात. याचे तीन परिणाम ध्यानात घ्यावयास हवेत.

पहिला परिणाम असा की, डेटा विभागाची बिटशः नक्कल ही बाह्यतः सर्वांत विश्वासू प्रत वाटली, तरी ती कूटबद्ध मजकुराची नक्कल असते. फोनची पूर्ण सफाई झाली की जुन्या किल्ल्या नष्ट होतात, आणि मग ती नक्कल त्याच फोनवरही उघडत नाही. म्हणून प्रत घ्यावयाची ती उघडलेल्या फाइलींची. रिकव्हरी यासाठीच प्रारंभी पिन विचारते; तिला त्या फोनची कूटबद्धता उलगडता येत नसेल, तर ती पद्धत त्या फोनसाठी बाद समजावी.

दुसरा परिणाम असा की, काही ॲप आपली सामग्री चिपमधील किल्लीने आणखी एकदा बंद करतात. सिग्नल हे संदेशांचे ॲप याचे उदाहरण होय. त्याचे दालन रूटच्या बळावर जसेच्या तसे दुसऱ्या फोनवर नेले, तरी संदेश उघडत नाहीत. त्याने स्वतः देऊ केलेली बॅकअपची सोयच वापरावी लागते. पैशांच्या व्यवहाराची ॲपही परत आणण्याच्या खटपटीत पडू नये. त्यांपैकी अनेक रूट केलेल्या फोनवर चालण्यासच नकार देतात.

तिसरा परिणाम नैतिक स्वरूपाचा आहे. फोनमध्ये बंदिस्त असलेले निवेदकांचे बोलणे उघडून कार्डावर ठेवले, की ते कार्ड ज्याच्या हाती पडेल त्याला ते ऐकता येते. निवेदकाने घरातील गोष्टी संशोधकावर विश्वास ठेवून सांगितलेल्या असतात. म्हणून ही प्रत नव्या परवलीच्या शब्दाने कूटबद्ध करावी आणि तो शब्द फोनमध्ये न ठेवता कागदावर लिहून, बंद पाकिटात, कार्डापासून वेगळ्या जागी ठेवावा. रूटचा अधिकारही बॅकअपच्या एका साधनापलीकडे अन्य ॲपना देऊ नये.

६. पुनःस्थापना

प्रत घेणे हे कामाचे अर्धे अंग. उरलेले अर्धे पुनःस्थापनेचे, आणि त्याला एक निश्चित क्रम आहे. प्रथम प्रणाली पूर्वीच्याच आवृत्तीवर आणावी. नव्या प्रणालीतील डेटा विभाग जुन्या प्रणालीवर चढविल्यास फोन बहुधा सुरू होत नाही. नंतर त्या आवृत्तीची बूट प्रतिमा घेऊन रूट पुन्हा प्रस्थापित करावा. ही मूळ, फेरफार न केलेली बूट प्रतिमा राखीव प्रतीबरोबर जपून ठेवणे फार हितावह असते, कारण फोन अर्ध्यातच अडकला तर संगणकावरून फास्टबूटच्या साह्याने तीच परत बसवावी लागते. त्यानंतर ॲप बसवावीत आणि मग त्यांची सामग्री त्यांच्या दालनात घालावी. हा क्रम उलट करता येत नाही. ॲप नव्याने बसविले की त्याला नवा वापरकर्ता-क्रमांक मिळतो. जुन्या क्रमांकाच्या मालकीच्या फाइली तशाच घातल्या, तर ॲपला आपलेच दालन परके होते. चांगली साधने ही मालकी आणि सुरक्षेच्या खुणा आपोआप दुरुस्त करतात. हाताने नक्कल करणाऱ्यास ते स्वतः करावे लागते. सामायिक साठ्यातील ध्वनिमुद्रणे सर्वांत शेवटी साध्या नकलेने आणावीत. उपकरणाच्या ओळखीचे विभाग मात्र ज्या फोनमधून घेतले त्याच फोनवर, आणि तेही अगदी निरुपाय झाला तरच, परत बसवावेत.

ही पुनःस्थापना संकट येण्यापूर्वी एकदा करून पाहणे हेच राखीव प्रतीचे खरे प्रमाण होय. त्यासाठी एखादा जुना फोन पुरेसा आहे. त्याच्यावर प्रत उतरवावी, टिपणवही उघडून अगदी शेवटची नोंद आहे का ते पाहावे, ध्वनिमुद्रणांची संख्या यादीशी ताडावी, आणि त्यांपैकी काही आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावीत. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ हा अंकठसा आधी काढून ठेवलेला असल्यास मूळ आणि प्रत यांत एका बिटाचाही पाठभेद नाही, याची खातरी यंत्राकडून करून घेता येते. परंतु अंकठसा केवळ एकरूपता सांगतो. मूळ ध्वनिमुद्रणच रिकामे असेल, तर प्रतही तितकीच रिकामी असते. म्हणून कानांनी ऐकण्याला पर्याय नाही.

७. कोल्हापुरातील अभ्यासकासाठी व्यवहार्य क्रम

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम येथे मार्गदर्शक ठरतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक अन्यत्र. क्षेत्रकार्याच्या काळात पुढील शिस्त पाळणे फारसे कठीण नाही. दररोज संध्याकाळी त्या दिवसाची ध्वनिमुद्रणे ओटीजीवरील पेनड्राइव्हवर उतरवावीत आणि तो फोनपासून वेगळ्या पिशवीत ठेवावा. आठवड्यातून एकदा टिपणवही व लिप्यंतराच्या ॲपची प्रत रूटच्या साह्याने घ्यावी. गावाहून परतल्यावर सर्व सामग्री संगणकाच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि एक कूटबद्ध प्रत अन्य गावी धाडावी. अन्य गाव कोणते, हाही विचारपूर्वक ठरविण्याचा प्रश्न आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोल्हापूरबरोबर सांगलीही पुरात होती आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. कोल्हापूरची दुसरी प्रत सांगलीत ठेवणारा अभ्यासक ती त्याच पावसाच्या स्वाधीन करतो. ती पुणे, नागपूर किंवा दूरच्या सर्व्हरवर असणे श्रेयस्कर.

याखेरीज महत्त्वाचा मजकूर कोणत्याही एका ॲपच्या दालनावर विसंबून ठेवू नये. टिपणे साध्या मजकुराच्या फाइलीत, शब्दसूची साध्या तक्त्याच्या रूपात आणि ध्वनिमुद्रणे प्रचलित, न आकसलेल्या स्वरूपात अधूनमधून बाहेर काढून ठेवावीत. अशी सामग्री उघडण्यास रूट लागत नाही, विशिष्ट फोन लागत नाही आणि ते ॲप पुढे बंद पडले तरी बिघडत नाही. रूटच्या साह्याने घेतलेली प्रत फोनला पूर्वस्थितीला आणते. साध्या फाइलींची प्रत पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला सामग्री देते. पहिलीचे मोल अभ्यासकाच्या सोयीपुरते, तर दुसरीचे शास्त्राच्या दृष्टीने आहे, आणि दोहोंपैकी एकीलाच वेळ असेल, तर दुसरी आधी घ्यावी.

निवेदकाने एक दुपार खर्च करून जे सांगितले, ते पुन्हा सांगण्यास तो कदाचित हयात नसेल. त्याच्या बोलण्याची प्रत घेऊन, ती दुसऱ्या उपकरणावर उघडून, त्याचा आवाज पुन्हा ऐकू येतो याची खात्री पटल्यानंतरच त्या दिवसाचे क्षेत्रकार्य पूर्ण झाले, असे समजावे.